यंत्र एकाचे, काम दुसऱ्याचे

शाळेत पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासायला बारा शिक्षक बसले आहेत, अशी कल्पना करा. उत्तरपत्रिका बाराशे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला शंभरांचा एक गठ्ठा. सगळे साधारण सारख्याच वेगाने तपासतील आणि संध्याकाळपर्यंत काम संपेल, असा पर्यवेक्षकांचा हिशोब आहे. दुपारी एका बाईंना तातडीने घरी जावे लागते. त्यांच्या टेबलावर चाळीस पेपर तपासून झालेले आहेत, एक अर्धवट आहे आणि एकोणसाठ अजून उघडलेले नाहीत. पर्यवेक्षक काय करतील? एकोणसाठ पेपर बाकीच्यांत वाटून देतील, अर्धवट पेपर कोणाला तरी पहिल्यापासून तपासायला सांगतील आणि झालेल्या चाळिसांचे गुण नोंदवून घेतील. 'एक जण उठला, तेव्हा उरलेल्या अकरा जणांनी तपासलेलेही सगळे रद्द. उद्या नव्याने बसू' असे म्हणणारा पर्यवेक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही.

अनेक संगणकांना मिळून एकच गणित सोडवायला लावताना मात्र हा दुसरा प्रकार सर्रास घडतो. आमच्या बाबतीतही तो घडला आहे. २००४ च्या सुमारास, संशोधक विद्यार्थी असताना, आम्ही विभागातील बारा संगणक एकमेकांना जोडून त्यांवर रात्रभर एक गणित चालवीत असू. स्फटिकातील अणू तापमानाबरोबर कसे हलतात, याचे ते गणित होते. एके दिवशी सकाळी साडेआठला एक सहकारी आले. त्यांना आपला संगणक संथ वाटला, म्हणून त्यांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला. त्याबरोबर उरलेल्या अकरा संगणकांवरचे गणितही थांबले आणि दहा तासांचे काम वाया गेले. सहकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. संगणक त्यांच्या टेबलावरचा, त्यांच्याच कामासाठी दिलेला. आमचा प्रोग्रॅमही पुस्तकात सांगितल्याबरहुकूम लिहिलेला होता. मग चूक कोठे होती?

या प्रश्नाचा विचार १९९० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसन येथे बराच बारकाईने झाला होता. मिरॉन लिव्हनी आणि जिम प्रुइन या संशोधकांनी 'कॉन्डोर' आणि 'पीव्हीएम' या दोन प्रणाली एकमेकींना जोडून दाखवल्या. त्या कामाचे गुणदोष तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. काम तीस वर्षे जुने असले, तरी त्यातला प्रश्न जुना झालेला नाही, असे आमचे मत आहे.

दोन वेगळ्या वाटा

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९८० च्या दशकात संशोधनसंस्थांमध्ये एक मोठा बदल झाला. पूर्वी खोलीभर आकाराच्या एका संगणकावर सर्वांची कामे पाळीपाळीने होत. आता प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर स्वतःचा शक्तिमान संगणक आला. त्याला वर्कस्टेशन म्हणत. सोय झाली, पण उधळपट्टीही सुरू झाली. मालक जेवायला गेला, बैठकीत अडकला किंवा घरी झोपला की त्याचे वर्कस्टेशन नुसते चालू राही, आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या कोणाचे गणित पुरेशा यंत्रांअभावी आठवडाभर रखडलेले असे.

ही उधळपट्टी थांबवण्यासाठी मायकेल लिट्झकाव, मिरॉन लिव्हनी आणि मॅट मुटका यांनी कॉन्डोर तयार केला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात २३ वर्कस्टेशनांवरचा एका महिन्याचा अनुभव मांडलेला आहे. कॉन्डोर हे अमेरिका खंडातील एक प्रचंड गिधाड. निबंधाच्या शीर्षकात या प्रणालीला रिकाम्या वर्कस्टेशनांचा शिकारी म्हटले होते. तिचा नियम साधा होता. ज्या यंत्राच्या कळफलकाला काही वेळ कोणी हात लावलेला नाही, त्यावर पाहुण्याचे काम सुरू करायचे. मालकाने कळ दाबली की पाहुण्याने उठायचे. उठण्यापूर्वी गणित कोठवर आले होते, स्मृतीत काय काय होते, याची पूर्ण नोंद करून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर तेथूनच पुढे सुरुवात करता येते. या नोंदीला आपण टप्पानोंद म्हणू. कोणते यंत्र कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर द्यायचे हे ठरवण्याच्या या कामाला साधन-व्यवस्थापन म्हणतात.

दुसरी वाट समांतर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची. एका मोठ्या गणिताचे तुकडे करून ते अनेक यंत्रांवर एकाच वेळी सोडवायचे, तर तुकड्यांना आपापसांत बोलावे लागते. १९८९ मध्ये ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत वैदी सुंदरम आणि अल गाइस्ट यांनी त्यासाठी 'पॅरलल व्हर्च्युअल मशीन', थोडक्यात पीव्हीएम, हे साधन रचायला सुरुवात केली. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जालाने जोडलेली असली तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती मिळून एकच यंत्र असल्यासारखी वाटावीत, ही त्यामागची कल्पना. प्रोग्रॅमचा एक भाग दुसऱ्याला निरोप पाठवतो आणि दुसरा तो घेतो. सारी देवाणघेवाण अशा निरोपांतून होते. १९९३ मध्ये पीव्हीएमची तिसरी आवृत्ती आली आणि जगभर पसरली. १९९४ मध्ये निरोपांच्या देवाणघेवाणीसाठी 'एमपीआय' हे सर्वमान्य मानक तयार झाले. आमचा फसलेला प्रोग्रॅम याच एमपीआयमध्ये लिहिलेला होता.

आता अडचण लक्षात येईल. कोणते यंत्र रिकामे आहे हे कॉन्डोरला ठाऊक असे, पण त्याच्या दृष्टीने प्रत्येक काम एकटे होते. बारा कामे एकमेकांची भावंडे आहेत आणि एकाला हलवले तर अकरा जणांचे अडते, याची त्याला कल्पना नव्हती. उलट पीव्हीएमला भावंडांची बोली येई, पण ज्या यंत्रांवर ती बसली आहेत ती कोणा दुसऱ्याची आहेत आणि मालक केव्हाही परत येईल, याचा विचार करणे हे त्याचे काम नव्हते.

दोन्ही साधने नुसती शेजारी ठेवली तर काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. गणेशने सुलभाला पत्र टाकले आणि लगेच आपली टप्पानोंद केली. सुलभाला पत्र मिळायचे आहे, तेवढ्यात तिचीही टप्पानोंद झाली. मग दोघांना उठवून दुसरीकडे बसवले. गणेशच्या नोंदीनुसार पत्र टाकून झालेले आहे, म्हणून तो पुन्हा टाकणार नाही. सुलभाच्या नोंदीत पत्र आलेले नाही, म्हणून ती वाट पाहत बसणार. वाटेतले पत्र दोघांच्याही नोंदींत नाही. दोन्ही नोंदी आपापल्या जागी अचूक असूनही गणित कायमचे अडकले. एकट्या कामासाठी उत्तम चालणारी युक्ती गटाच्या कामाला पुरत नाही, ती अशी.

साधा हिशोब

ही अडचण प्रत्यक्षात किती वेळा येईल? अकरावी-बारावीचे विद्यार्थी हा हिशोब स्वतः करू शकतील. एखादे यंत्र रात्रभर मोकळे राहण्याची संभाव्यता ०.९५ आहे असे धरू. म्हणजे वीस रात्रींपैकी एकोणीस रात्री त्याला कोणी हात लावत नाही. ही यंत्रे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे मानले, तर बाराच्या बारा यंत्रे रात्रभर मोकळी राहण्याची संभाव्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ०.५४ येते. जवळजवळ दर दोन रात्रींपैकी एक वाया जाणार. यंत्रे चोवीस केली तर हा आकडा सुमारे ०.२९ वर उतरतो. एकेका यंत्राकडे पाहिले तर प्रत्येक भरवशाचे वाटते, पण सगळी यंत्रे एकाच वेळी हवीत अशी अट घातली की भरवसा घटत जातो. काम लवकर व्हावे म्हणून यंत्रे वाढवावीत, तर काम बंद पडण्याची शक्यताही वाढते.

यंत्र बंदच पडले पाहिजे असेही नाही. मालकाने आपल्या कामासाठी अर्धी शक्ती वापरली तरी पुरे. बारा यंत्रांना प्रत्येकी एक तासाचे काम दिले आहे आणि एका यंत्राचा वेग निम्मा झाला आहे, असे समजा. अकरा यंत्रे तासाभरात मोकळी होतात आणि बाराव्याची वाट पाहतात. एकूण वेळ लागतो दोन तास. याऐवजी कामाचे बारीक तुकडे करून जो मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा द्यायचा, असे केले तर उपलब्ध शक्ती साडेअकरा यंत्रांची आहे, म्हणून वेळ लागतो सुमारे १२ भागिले ११.५, म्हणजे एक तास आणि दोन-तीन मिनिटे. यंत्रे तीच आणि कामही तेवढेच. वाटण्याची पद्धत तेवढी बदलली.

विस्कॉन्सिनचे उत्तर

लिव्हनी आणि प्रुइन यांनी कॉन्डोर आणि पीव्हीएम यांच्यात संवादाची सोय केली. तिला त्यांनी 'कार्मी' असे नाव दिले होते. १९९४ ते १९९६ या काळातील त्यांच्या निबंधांत तिचे वर्णन आहे. थोडक्यात ती अशी चालते. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर आपल्याला किती आणि कोणत्या जातीची यंत्रे हवीत ते कॉन्डोरला सांगतो. मागितलेली यंत्रे तत्काळ मिळतील असे तो धरत नाही. हाती असलेल्या यंत्रांवर काम चालू ठेवतो. नवे यंत्र मिळाले की कॉन्डोरकडून तसा निरोप येतो. मालक परत आला तर यंत्र तात्पुरते थांबवल्याचा निरोप येतो, मालक पुन्हा गेला तर ते सुरू झाल्याचा, आणि यंत्र कायमचे हातचे गेले तर तसाही निरोप येतो. या निरोपांना कसे उत्तर द्यायचे ते प्रोग्रॅमने ठरवायचे.

प्रोग्रॅमची रचना साधारणपणे मुख्य आणि मदतनीस अशी. मुख्य भाग, ज्याने काम सोपवले त्याच्याच यंत्रावर बसतो आणि तेथून त्याला कोणी उठवत नाही. तो कामाचे तुकडे वाटतो आणि उत्तरे गोळा करतो. मदतनीस उसन्या यंत्रांवर बसतात. एखादा उठला तर त्याच्याकडचा तुकडा दुसऱ्याला दिला जातो. आमच्या पर्यवेक्षकांनी पेपरांचे जे केले, तेच येथे होते.

या कामाचा मोठा गुण कोणता? आमच्या मते तो तांत्रिक करामतीत नाही. यंत्र निघून जाणे या घटनेकडे पाहण्याची दृष्टी येथे बदलली. इतर साधनांच्या लेखी ती आपत्ती होती. एमपीआयमध्ये तर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर चूक घडताच सारे गणित बंद करायचे असाच नियम आहे. उसन्या यंत्रांच्या जगात मालक परत येणे ही रोजची, रास्त आणि अपेक्षित गोष्ट आहे. कार्मीने ती गृहीत धरली. त्यामुळे मालकाचा हक्क आणि पाहुण्याचे काम एकाच व्यवस्थेत बसवता आले. आपल्या संगणकावर आपला पहिला हक्क राहील, याची खात्री असेल तरच लोक तो रात्री इतरांना वापरू देतात. ही खात्री नसेल तर लोक जाताना बटण बंद करून जातात. आम्ही काम केलेल्या विभागात त्या सकाळनंतर तेच झाले. बारांपैकी पाच संगणक रात्री बंद राहू लागले.

उणिवा

आता दुसरी बाजू. पहिली उणीव अशी की ही रचना सगळ्या गणितांना मानवत नाही. ज्या कामाचे तुकडे एकमेकांपासून मोकळे आहेत, तेथे ती उत्तम. उत्तरपत्रिका तशा आहेत; एक पेपर तपासायला दुसरा पाहावा लागत नाही. पण आमचे स्फटिकाचे गणित पाहा. स्फटिकाचे बारा भाग करून प्रत्येक यंत्राला एक दिला, तरी सीमेवरच्या अणूंना पलीकडच्या अणूंची ओढ जाणवते. म्हणून प्रत्येक क्षुल्लक कालावधीनंतर प्रत्येक यंत्राने शेजाऱ्याला आपले अणू कोठे आहेत ते कळवावे लागते. एक गेला की शेजारी अडतात आणि त्यांच्यामागे सगळेच. हवामानाचे अंदाज आणि पुलावरच्या ताणाची गणिते याच जातीची आहेत. अशा कामांसाठी कॉन्डोर-पीव्हीएमच्या मुख्य-मदतनीस रचनेकडे सोपे उत्तर नाही. रिकाम्या यंत्रांची शक्ती कामाला लावू, या घोषणेत ही मर्यादा पुरेशी ठळकपणे दिसत नाही.

त्यावर वेगळा उपायही शोधला गेला. म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठातील गेऑर्ग श्टेलनर यांनी 'कोचेक' नावाची पद्धत बसवली आणि विस्कॉन्सिनच्या गटानेही ती वापरली. तिच्यात टप्पानोंदीपूर्वी प्रत्येक भाग इतरांना 'यापुढे माझा निरोप नाही' असे कळवतो. सर्वांकडून असे निरोप येईपर्यंत वाटेतली पत्रे गोळा केली जातात आणि मग नोंद होते. गणेश आणि सुलभा यांचे पत्र अशा रीतीने हरवत नाही. उपाय सुरेख आहे, पण फुकट नाही. बारा यंत्रांची प्रत्येकी ६४ मेगाबाइट स्मृती त्या काळच्या, सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणाऱ्या सामायिक जालातून एका जागी नेऊन लिहायची म्हटली, तर जाल पूर्ण वेगाने चालले तरी दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ गणित थांबते, आणि इतरांचे जालही तुंबते.

दुसरी उणीव म्हणजे ओझे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यावर येते. यंत्र आले, थांबले, सुरू झाले, गेले. प्रत्येक निरोपाला उत्तर त्याने लिहायचे. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने हे का करावे? लेखकांना याची जाणीव होती. म्हणून त्यांनी कामाचे वाटप सांभाळणारा 'वोडी' नावाचा एक तयार थरही रचला. पण तो थर वापरायचा म्हणजे गणित त्याच्या साच्यात बसवणे आले.

तिसरी गोष्ट तुकड्याच्या आकाराची. एक तुकडा पाठवण्यात आणि उत्तर घेण्यात दोन सेकंद जातात असे धरू. वीस सेकंदांचे तुकडे केले तर बावीसमधले दोन सेकंद, म्हणजे सुमारे नऊ टक्के वेळ, नुसत्या देवाणघेवाणीत जातो. तासाभराचे तुकडे केले तर हा खर्च नगण्य होतो, पण मालक मध्येच आला की सरासरी अर्ध्या तासाचे काम बुडते. योग्य आकार मालक किती वेळाने परततात यावर अवलंबून आहे. ती माहिती व्यवस्थापकापाशी असते आणि आकार ठरवायचा असतो प्रोग्रॅमने. संवादाची सोय झाली, पण ही गोष्ट त्या संवादात नीटशी आली नाही.

चौथी उणीव उघड आहे. मदतनीस कितीही गेले तरी चालते, पण मुख्य भाग ज्या यंत्रावर आहे ते बंद पडले तर? पर्यवेक्षकच उठून गेले आणि गुणांची वही सोबत घेऊन गेले, तर शाळेतही घोटाळा होणारच.

पुढे काय झाले

इतिहासाने काही काळ सोपा मार्ग निवडला. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या संगणकांचा 'बेवुल्फ' नावाचा समूह बांधला. त्यातील यंत्रे कोणाच्या टेबलावरची नव्हती. ती याच कामासाठी होती. संगणक स्वस्त होत गेले तसा हा मार्ग रूढ झाला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ मध्ये केलेला परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या खास प्रोसेसरांवर उभा होता. १९९८ चा परम १०००० मात्र सन कंपनीच्या बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचा समूह होता. मालक परत येण्याचा प्रश्न अशा समूहांत उद्भवत नाही. कॉन्डोरलाही आपली भूमिका बदलावी लागली. २०१२ पासून एचटीकॉन्डोर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीत पीव्हीएमची ती सोय आता उरलेली नाही. एमपीआयच्या कामांसाठी तीत राखून ठेवलेली यंत्रे लागतात.

मग विस्कॉन्सिनचे काम फुकट गेले का? तसे म्हणता येणार नाही. २००० मध्ये 'नग-३०' नावाचे एक कोडे सुटले. तीस विभाग तीस जागी असे बसवायचे की त्यांच्यातील ये-जा कमीत कमी व्हावी. हे कोडे १९६८ पासून पूर्णपणे सुटलेले नव्हते. मुख्य-मदतनीस रचना आणि कॉन्डोर यांच्या साहाय्याने अमेरिका आणि युरोपातील अनेक संस्थांची सरासरी सुमारे ६५० यंत्रे आठवडाभर त्यावर झटली. एकाच चांगल्या वर्कस्टेशनला त्यासाठी सुमारे सात वर्षे लागली असती. त्या आठवड्यात यंत्रे सतत येत होती आणि जात होती, तरी गणित थांबले नाही.

पुढे २००४ मध्ये गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी 'मॅपरिड्यूस' पद्धत प्रसिद्ध केली. हजारो स्वस्त यंत्रांत काही रोजच बिघडणार हे तीत गृहीत धरले आहे, आणि तुकडा पुन्हा वाटण्याचे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून काढून प्रणालीकडे दिले आहे. वर सांगितलेल्या दुसऱ्या उणिवेवर, निदान एका जातीच्या कामांपुरते, ते उत्तर होते. अमेझॉन कंपनी २००९ पासून आपली न वापरलेली यंत्रे स्वस्तात भाड्याने देते, पण मागणी वाढली की ती परत घेते. २०१५ पासून त्याची पूर्वसूचना दोन मिनिटे आधी मिळते. मालक परत आला आहे. फक्त तो आता टेबलापाशी बसलेला माणूस नसून एक कंपनी आहे.

आमचे मत

या कामाने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि दिलेले उत्तर अपुरे होते, असे आमचे मत आहे. पण आमची खरी तक्रार पाठ्यपुस्तकांविषयी आहे. आम्ही शिकलो ती पुस्तके 'आपल्यापाशी न प्रोसेसर आहेत असे माना' या वाक्याने सुरू होत. 'न' ही संख्या गणित संपेपर्यंत तीच राहील, हे कोणी बोलून दाखवत नसे. साधन-व्यवस्थापन हा विषय वेगळ्या पुस्तकात, वेगळ्या वर्षी येई. दोन्ही विषयांत चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यालाही त्यांच्यामधली फट दिसत नसे. आम्हांलाही ती दिसली नाही. आमच्या स्फटिकाच्या गणितात दर अर्ध्या तासाने अणूंची स्थाने आणि वेग फायलीत लिहून ठेवले असते, तर त्या सकाळी दहा तासांऐवजी फार तर अर्धा तास गेला असता. त्यासाठी वीस-पंचवीस ओळी पुरल्या असत्या. त्या लिहाव्यात असे सुचले नाही, कारण यंत्र जाऊ शकते हे आमच्या हिशोबातच नव्हते. चूक होती ती तेथे.

शिक्षकांना हे वर्गात संगणकाशिवायही शिकवता येईल. १ ते १००० मधील मूळ संख्या मोजायला द्या. पहिल्या दिवशी दहा गट करून प्रत्येकाला शंभर-शंभर संख्या वाटा. काम निम्मे झाल्यावर कोणत्याही दोन गटांना उठवा आणि त्यांचे कागद काढून घ्या. पूर्ण उत्तर हाती येणार नाही. दुसऱ्या दिवशी वीस-वीस संख्यांच्या पन्नास चिठ्ठ्या करा. एका विद्यार्थ्याला मुख्य नेमा; त्याने चिठ्ठ्या वाटायच्या, कोणती कोणाकडे आहे ते लिहून ठेवायचे आणि उत्तरे जमवायची. पुन्हा दोन गट उठवा. या वेळी १६८ हे बरोबर उत्तर मिळायला हवे, थोडे उशिरा का होईना. मोठ्या संख्या तपासायला जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी शेवटचा गट मागे पडला होता. दुसऱ्या दिवशी तसे का झाले नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारा. चिठ्ठीत वीसऐवजी पाच किंवा पन्नास संख्या घातल्या तर काय होईल, हेही करून पाहता येईल.

आणि शेवटी मुख्य विद्यार्थ्यालाच बाहेर बोलवा. त्याची वही टेबलावर राहिली आहे की तो ती घेऊन गेला आहे, यावर पुढचे सारे अवलंबून राहील. वही कोठे ठेवावी, हे वर्गाने ठरवायचे.